ठोकलेली गाडी

‘गाडी ठोकली’ या वाक्याचे मराठीत दोन अर्थ होतात. एक अपघाताचा आणि दुसरा दुरुस्तीचा. पहिल्या ठोक्याने पत्रा आत जातो, दुसऱ्याने तो बाहेर येतो. पहिल्याला क्षणही लागत नाही, दुसऱ्याला आठवडे लागतात. अपघातात चेपलेली जुनी मोटार अंगणात, झाडाखाली उभी करून मालकाने आणि गावातल्या कारागिराने मिळून ती पुन्हा रस्त्यावर आणायची, ही आपल्याकडे पन्नासेक वर्षे सर्रास चाललेली गोष्ट. तिचा इतिहास सहसा कुणी लिहीत नाही, कारण हातोड्याने पत्रा सरळ करणे यात लिहिण्यासारखे विज्ञान काय असणार, असे वाटते. प्रत्यक्षात त्यात धातुशास्त्र आणि भूमिती दोन्ही भरपूर आहेत. आणि ही विद्या एका विशिष्ट काळातल्या पोलादाशी बांधलेली होती, हे लक्षात घेतले नाही तर आज तिच्यामुळे जीवही जाऊ शकतो.

बुलडाणा जिल्ह्यातली माणसे आपल्या जिल्ह्याचे दोन भाग करतात, घाटावरचा आणि घाटाखालचा. मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव हा पूर्णेच्या खोऱ्यातला काळ्या मातीचा सपाट भाग घाटाखाली. बुलडाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा हा भाग घाटावर. रेल्वे आली ती १८६० च्या दशकात, घाटाखालून. खामगावच्या कापसासाठी जलंबपासून छोटा फाटा काढला गेला आणि १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. घाटावर मात्र रेल्वे कधी चढली नाही. जिल्ह्याचे मुख्य ठिकाण असलेल्या बुलडाणा शहराला आजही रेल्वे स्टेशन नाही. मलकापूर गाठायचे तर सुमारे ४५ किलोमीटर जायचे आणि वाटेत राजूर घाट उतरायचा. अशा मुलखात मोटार ही चैनीची वस्तू राहत नाही. रोग्याला, बाळंतिणीला किंवा कोर्टाच्या तारखेला निघालेल्या माणसाला दुसरा मार्गच कमी. गाडी ठोकली तर ती दुरुस्त व्हायलाच हवी, आणि ती इथेच व्हायला हवी.

ती दुरुस्त करणारे हात आले कुठून? मोटारी येण्यापूर्वीच लोखंडाशी ओळख असलेली दोन ठिकाणे या भागात होती. कापसाच्या व्यापाराबरोबर जिनिंग आणि प्रेसिंगचे कारखाने आले, त्यांच्याबरोबर यंत्रे दुरुस्त करणारे फिटर आणि लेथ आले. दुसरे ठिकाण याहून कितीतरी जुने, गावातल्या लोहाराची भट्टी. आमच्या मते मोटारीचा पत्रा सरळ करण्यामागची सर्वांत महत्त्वाची युक्ती या लोहाराला आधीपासून अवगत होती. तिचे नाव धाव चढवणे.

बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडाची धाव बसवताना लोहार ती चाकाच्या घेरापेक्षा मुद्दाम थोडी लहान करतो. थंड असताना ती चाकावर चढत नाही. गोवऱ्यांच्या जाळात तापवली की ती वाढते, मग ती सांडशीने उचलून चाकावर बसवायची आणि लगेच पाणी ओतायचे. आकसताना ती आरे, तुंबा आणि घेराची लाकडे अशी आवळते की खिळ्याची गरज क्वचितच उरते. हे गणित वर्गात सहज करता येईल. समजा चाकाचा व्यास १.२५ मीटर आहे. घेर झाला सुमारे ३.९ मीटर. लोखंड एक अंश सेल्सिअसला लांबीच्या साधारण १२ दशलक्षांश इतके वाढते. तापमान ५०० अंशांनी वाढवले, तर घेर सुमारे २४ मिलिमीटरने वाढेल. थंड होताना ही जवळजवळ एक इंचाची वाढ परत जाऊ पाहते, आणि लाकूड मधे आल्याने ती पुरती परत जाऊ शकत नाही. चाक घट्ट होते ते या अडवलेल्या आकसण्यामुळे. हा मुद्दा लक्षात ठेवावा, पुढे तो उलट्या बाजूने येणार आहे.

सुरुवातीच्या मोटारींची अंगे लाकडी सांगाड्यावर पत्रा ठोकून बनवलेली असत. सुताराला त्यात परके काही नव्हते. अमेरिकेत एडवर्ड बड यांनी १९१० च्या दशकात साच्यात दाबलेल्या पोलादी पत्र्याची अंगे बनवायला सुरुवात केली आणि लाकूड हळूहळू गेले. त्यानंतरचा मोठा बदल म्हणजे वेगळी चासी काढून टाकून पत्र्याच्या पेटीनेच सगळा भार पेलायचा. इटलीची लॅन्सिया लॅम्बडा (१९२२) आणि फ्रान्सची सित्रोएन ट्रॅक्शन आव्हाँ (१९३४) या त्या वाटेवरच्या ठळक गाड्या. आपल्याकडे दोन्ही प्रकार एकाच वेळी नांदले. युद्धानंतर लिलावात निघालेल्या आणि पुढे महिंद्रांनी बांधलेल्या जीपला शिडीसारखी वेगळी चासी होती. उलट अँबॅसॅडर आणि फियाट, म्हणजे नंतरची प्रीमियर पद्मिनी, या अखंड पेटीच्या गाड्या. जीपचे मडगार्ड चेपले तर ते चार बोल्ट काढून हातात घेता येते. पद्मिनीचा पुढचा भाग चेपला तर सगळी गाडीच थोडी वाकलेली असते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नसे.

नवी गाडी घेणे हा पर्याय फारसा नव्हता. १९४९ पासून सरकारने तयार मोटारींच्या आयातीवर कडक बंधने घातली. १९५३ मध्ये, जे कारखाने इथे सुटे भाग बनवणार नाहीत त्यांनी गाशा गुंडाळावा असे धोरण ठरले, आणि मोटारी बनवणारे मोजके तीन कारखाने उरले. गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती आली तोवर हीच स्थिती होती. विम्याची बाजूही समजून घ्यायला हवी. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यातली सक्तीच्या विम्याची तरतूद १९४६ पासून अमलात आली, पण तो विमा तिसऱ्या पक्षाचा. तुमच्या गाडीने दुसऱ्याचे नुकसान झाले तर त्याला भरपाई मिळेल. तुमच्या स्वतःच्या चेपलेल्या गाडीला त्यातून एक पैसाही नाही. जुन्या गाडीचा संपूर्ण विमा फारसे कुणी उतरवत नसे. तेव्हा भंगारातून दार आणायचे, कारागिराला रोजावर बोलवायचे आणि स्वतः हाताखाली उभे राहायचे.

आता प्रत्यक्ष काम. जाणता कारागीर आधी हातोडा हाती घेत नाही, आधी मोजतो. त्याची साधने ओळंबा, खडू आणि दोरी. गाडी सपाट फरशीवर ठोकळ्यांवर उभी करायची, खालच्या सांगाड्यावरच्या डाव्या-उजव्या जोडीच्या जागांवरून ओळंबा सोडायचा आणि तो टेकेल तिथे फरशीवर खडूने खूण करायची. मग गाडी ढकलून बाजूला करायची. फरशीवर ठिपक्यांचा नकाशा उरतो. त्यातल्या चौकोनांचे कर्ण दोरीने मोजायचे. डावीकडून उजवीकडे जाणारा कर्ण आणि उजवीकडून डावीकडे जाणारा कर्ण सारखे भरले, तर सांगाडा सरळ. फरक आला तर गाडी ‘हिऱ्यासारखी’ तिरकी झाली आहे. आयताचे कर्ण समान असतात हे प्रमेय आपण फळ्यावर शिकवतो. शाळेच्या पटांगणावर चार मुलांना दोरी ताणून धरून उभे केले आणि एका बाजूच्या दोघांना दोरी ताणलेली ठेवून एकाच दिशेने सरकवले, तर बाजूंची लांबी कायम राहूनही कर्ण कसे बदलतात ते दिसते. वाकलेल्या गाडीत नेमके हेच झालेले असते.

मग ओढणे. सांगाड्याला साखळी बांधायची, दुसरे टोक चांगल्या जाड कडुनिंबाला, मधे चेनब्लॉक किंवा जॅक. यात नियम असा की जे शेवटी वाकले ते आधी सरळ करायचे. धडकेत आधी बंपर, मग मडगार्ड, मग आतली पट्टी, मग दाराचा खांब असा जोर आत आत गेलेला असतो; त्याच वाटेने तो उलटा बाहेर काढायचा. आणि ओढायचे ते पाहिजे त्यापेक्षा थोडे जास्त, कारण साखळी सोडली की पोलाद थोडे मागे येते. ताण कमी असेल तर धातू आपल्या मूळ आकारात परततो, ही स्थितिस्थापकता. मर्यादा ओलांडली की वाकलेलाच राहतो. पण मर्यादा ओलांडल्यावरही आधीचा लवचीक भाग परत येतोच. किती जास्त ओढायचे हे पुस्तकात लिहिलेले नसते. ते कारागिराच्या हाताला ठाऊक असते.

वाकलेला पत्रा पुन्हा पहिल्यासारखा का होत नाही, हे पाहायला बांधकामाची बाइंडिंगची तार पुरते. तार एकदा काटकोनात वाकवा आणि नुसत्या हाताने सरळ करायचा प्रयत्न करा. वाकलेली जागा सहजी उघडत नाही. तिच्या दोन्ही बाजूंना नवे बाक येतात आणि मधे मूळ कोपरा तसाच उरतो. म्हणजे वाकल्यामुळे ती जागा शेजारच्या तारेपेक्षा कडक झाली. आणखी काही वेळा वाकवली तर गरम होते आणि तुटते. याचे स्पष्टीकरण १९३४ साली तीन जणांनी स्वतंत्रपणे दिले: जी. आय. टेलर, एगॉन ओरोवान आणि मायकेल पोलान्यी. धातूत अणू ओळीने रचलेले असतात, पण ती रचना निर्दोष नसते. कुठेतरी एखादी ओळ अर्धवटच घुसलेली असते. धातू वाकतो तेव्हा अख्खे थर एकदम घसरत नाहीत. ही चूक तेवढी पुढे पुढे सरकते. वर्गात अंथरलेली लांब सतरंजी एकदम ओढायला चार मुले लागतील, पण तिला एका टोकाला सुरकुती पाडून ती सुरकुती पुढे ढकलत नेली तर एकच मूल ती सरकवू शकते. जास्त वाकवले की अशा सुरकुत्या वाढतात, एकमेकींत अडकतात आणि पुढची घसरण अवघड होते. धातू कडक झाला असे आपण म्हणतो तेव्हा हेच झालेले असते.

खामगाव चांदीच्या कामासाठी प्रसिद्ध आहे. तिथला कारागीर चांदीचा पत्रा ठोकता ठोकता थांबतो आणि तो तापवून घेतो, कारण ठोकलेली चांदी कडक होते आणि तशीच ठोकत राहिले तर तडकते. तापवल्यावर आतली गुंतलेली रचना सुटते, नवे स्फटिक तयार होतात आणि धातू पुन्हा मऊ होतो. शास्त्रीय परिभाषेत याला अनुशीतन म्हणतात. मोटारीचा पत्रा ठोकणारा वेगळे काही करत नाही. पत्र्याच्या मागे डॉली, म्हणजे हातात मावणारा लोखंडी ठोकळा, धरायचा. पुढून हलक्या वजनाच्या हातोडीने अनेक छोटे ठोके द्यायचे. जोराचा एक ठोका वाईट, कारण हातोडी आणि डॉली यांच्या मधे सापडलेला पत्रा पातळ होऊन पसरतो.

इथे धाव परत येते. धडकेने आणि नंतरच्या ठोकण्याने पत्रा ताणला गेलेला असतो, म्हणजे त्याचे क्षेत्रफळ वाढलेले असते. वाढलेला पत्रा तितक्याच जागेत बसवायचा तर तो फुगतो. बोटाने दाबला तर ‘टक्’ आवाज करून आत जातो आणि पुन्हा बाहेर येतो. जुन्या रॉकेलच्या डब्याचे बूड आठवावे. हा फुगा ठोकून जात नाही, उलट वाढतो. त्यावर उपाय असा की फुगवट्याच्या मधोमध रुपयाएवढी जागा गॅसच्या ज्योतीने लाल करायची, भोवतीने पटापट ठोके द्यायचे आणि ओले फडके दाबायचे. तापलेल्या जागेला पसरायचे असते, पण भोवतीचा थंड पत्रा तिला पसरू देत नाही. लाल झालेला धातू मऊ असल्याने तो आतल्या आत दबून जाड होतो. थंड होताना मात्र तो आकसतो आणि भोवतीच्या पत्र्याला स्वतःकडे ओढून घेतो. २० मिलिमीटरच्या जागेत ७०० अंशांना आकसणे भरते ०.१७ मिलिमीटरच्या आसपास. ऐकायला क्षुल्लक, पण अशा दहा-बारा जागा केल्या की बॉनेट ताणलेल्या ढोलासारखे घट्ट होते. धावेत आकसणारे लोखंड लाकडाला आवळते, इथे ते शेजारच्या लोखंडालाच ओढते. तत्त्व एकच.

गॅसची ज्योत गावात पोहोचली हीसुद्धा मोठी घटना होती. १८९२ मध्ये विजेच्या भट्टीत कॅल्शियम कार्बाइड स्वस्तात बनवण्याची रीत सापडली. कार्बाइडवर पाणी पडले की ॲसिटिलीन वायू निघतो. १८९५ मध्ये ल शातेलिए यांनी दाखवले की तो ऑक्सिजनबरोबर जाळला तर ज्योत ३००० अंशांच्या वर जाते. १९०३ पर्यंत फ्रान्समध्ये त्यावर चालणारी वेल्डिंगची नळी तयार झाली. वीज नसलेल्या गावातही कार्बाइडचा डबा आणि ऑक्सिजनचे नळकांडे नेता येते, म्हणून ही विद्या फोफावली. तिच्यातला धोका मात्र सांगितलाच पाहिजे. अपघातात फुटलेली पेट्रोलची टाकी घरच्या घरी वेल्डिंग करणे हा या सगळ्या उद्योगातला सर्वांत जीवघेणा प्रकार. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची असते. हवेत पेट्रोलची वाफ दीड ते साडेसात टक्क्यांच्या दरम्यान असली की ठिणगीने स्फोट होतो, आणि ‘रिकाम्या’ टाकीत नेमके असे मिश्रण असू शकते.

उरलेसुरले खड्डे पूर्वी शिसे-कथलाच्या मिश्रधातूने भरत. ७० भाग शिसे आणि ३० भाग कथील असलेला हा मिश्रधातू एकदम वितळत नाही, १८३ ते सुमारे २६० अंशांपर्यंत लोण्यासारखा राहतो, म्हणून तो लाकडी पट्टीने लिंपता येतो. नंतर पुट्टी आली आणि शिशाच्या धुरातून कारागीर सुटला. रंगाबद्दल इतकेच की ‘ड्यूको’ हे १९२३ च्या सुमारास आलेल्या एका झटपट सुकणाऱ्या रंगाचे व्यापारी नाव. आपल्याकडे ते सगळ्याच फवाऱ्याच्या रंगांना चिकटले.

अशी दुरुस्त केलेली गाडी कितपत भरवशाची? त्या काळापुरते उत्तर ‘बऱ्यापैकी’ असे आहे. पत्रा साधारण एक मिलिमीटरचा, साध्या मऊ पोलादाचा. तापवून, ठोकून, जोडून त्याची ताकद फारशी जात नसे. पण एक गैरसमज पुसायला हवा. ‘जुन्या गाड्या दणकट होत्या, धडकल्या तरी काही होत नसे’, असे म्हणतात. गाडीला काही होत नसे, कारण आत बसलेल्याला होत असे. धडकेतली ऊर्जा कुठेतरी खर्च व्हावीच लागते. पत्रा चुरगळला नाही तर ती बरगड्यांवर येते. बेला बारेन्यी या अभियंत्याने १९५१ मध्ये पेटंटसाठी मांडलेली कल्पना नेमकी याच्या उलट होती: माणसांची खोली मजबूत ठेवा आणि गाडीची दोन्ही टोके मुद्दाम चुरगळतील अशी करा. १९५९ मध्ये मर्सिडिजच्या गाडीत ती प्रत्यक्षात आली. २००९ साली अमेरिकेत १९५९ ची भारदस्त शेव्हरोले आणि २००९ ची शेव्हरोले समोरासमोर धडकवून पाहिल्या. जुन्या गाडीतला चालक वाचला नसता, नव्यातल्याच्या पायाला किरकोळ इजा झाली असती, असे पुतळ्यांवरच्या मोजणीतून दिसले.

आपल्याकडे समोरून आणि बाजूने धडकेच्या चाचण्या नव्या मॉडेलांना ऑक्टोबर २०१७ पासून सक्तीच्या झाल्या. त्याच सुमारास जिल्ह्याचे रस्तेही बदलू लागले. डिसेंबर २०२२ मध्ये मेहकर आणि सिंदखेड राजा तालुक्यांतून जाणारा समृद्धी महामार्ग खुला झाला. त्यावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. घाटातल्या ताशी ४० च्या तुलनेत वेग तिप्पट, आणि ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते म्हणून नऊपट. या नऊपट धडकेला तोंड देण्यासाठी नव्या गाड्यांच्या खांबांत आणि दारांच्या आत बोरॉनयुक्त पोलाद वापरतात. ते लाल असतानाच साच्यात दाबून तिथेच झटकन थंड करतात. साध्या पत्र्याच्या चार-पाच पट ताकद त्यात येते, आणि ती ताकद या झटकन थंड होण्यातच आहे. अशा खांबाला कुणी झाडाखाली ज्योत लावून सरळ केले, वर पुट्टी आणि रंग चढवला, तर गाडी दिसायला नवीच्या नवी होते. कर्णसुद्धा बरोबर भरतात. अपघातानंतर मोटार वाहन निरीक्षक गाडी तपासतो तेव्हा त्याला ब्रेक, स्टिअरिंग आणि दिवे दिसतात. खांबाच्या आतले स्फटिक दिसत नाहीत. म्हणूनच हे भाग तापवू नयेत, कापून पूर्ण बदलावेत, असे कारखान्यांची दुरुस्तीची पुस्तके बजावतात.

यात काय घडते हे वर्गात दाखवायला दाढीचे जुने पाते पुरते. हा प्रयोग शिक्षकांनीच करावा, मुलांनी लांबून पाहावा, आणि डोळ्यांवर चष्मा असावा. एक पाते फडक्यात गुंडाळून पकडीने वाकवा: ते थोडे लवते आणि मग कट्‌कन तुटते. दुसरे पाते सांडशीत धरून स्टोव्हच्या ज्योतीत लाल होईपर्यंत तापवा आणि आपोआप थंड होऊ द्या. आता तेही तसेच वाकवा. ते तुटत नाही, सरळही होत नाही. बाइंडिंगच्या तारेसारखे जिथे वाकवले तिथे राहते.